औषधाच्या खोक्यातला कागद फेकून द्या म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेच्या बॅचच्या. "औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद वाचूच नका, सरळ फेकून द्या" असं हेडिंग आणि खाली पाच कारणं. एक, तो कागद कंपनी कोर्टकचेरीपासून वाचायला छापते, पेशंटसाठी नाहीच. दोन, साइड इफेक्ट वाचले की ते व्हायला लागतात. तीन, अक्षरं मुद्दाम बारीक ठेवतात, कुणी वाचू नये म्हणून. चार, आता पाकिटावर क्यूआर कोड आलाय, स्कॅन केला की सगळी माहिती मिळते. पाच, डॉक्टर आणि केमिस्ट सांगतात तेवढं पुरे. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "पुढे पाठवा".

मी ठाण्यात वागळे इस्टेटला औषधांच्या पॅकिंगचं आर्टवर्क करते. म्हणजे कार्टन, फॉइल आणि हाच तो कागद, आमच्या भाषेत लीफलेट नाहीतर इन्सर्ट. दिवसाचे आठ तास ज्याच्यावर डोळे फोडते तोच फेकून द्या म्हटल्यावर डोकं फिरणारच, पण खोटं कशाला बोलू, मेसेजमधलं सगळंच काही चूक नाहीये आणि म्हणूनच तो एवढा फिरतोय. नंबर मी माझ्या सोयीने घेते.

पहिला मुद्दा, पेशंटसाठी नाहीच. हे आपल्याकडे निम्मं खरं आहे. इथल्या कितीतरी इन्सर्टवर वरच छापलेलं असतं, "फॉर द यूज ओन्ली ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर ऑर अ हॉस्पिटल ऑर अ लॅबोरेटरी". म्हणजे तो कागद डॉक्टरांसाठीच लिहिलेला, त्यात औषध शरीरात किती तासांनी अर्धं होतं वगैरे असणार, तुमच्या काकूंना ते कळलं नाही तर दोष काकूंचा नाही. प्रत्येक औषधाबरोबर पेशंटला कळेल असा कागद द्यायलाच हवा असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. पण म्हणून असा कागद जगात नसतोच असं मात्र नाही. युरोपने 1992 सालीच पेशंटच्या लीफलेटचे नियम केले आणि 2004 च्या दुरुस्तीनंतर तर ते लीफलेट खऱ्या माणसांकडून तपासून घ्यावं लागतं. ती टेस्ट कशी असते ते सांगते कारण मला या कामात तेवढंच खरंखुरं आवडतं. साधारण वीस माणसं घेतात, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. डॉक्टर नर्स नकोत, साधी माणसं. हातात कागद द्यायचा आणि विचारायचं, "समजा सकाळची गोळी घ्यायची राहिली, तर काय कराल? कुठे लिहिलंय ते दाखवा." आणि मग गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. शंभरातल्या नव्वद जणांना उत्तर सापडलं पाहिजे आणि ज्यांना सापडलं त्यातल्या नव्वद टक्क्यांना ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. दोन-तीन जण एकाच जागी अडकले की ती ओळ बदलायची, त्यांना समजावत बसायचं नाही. तुम्ही तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा अशी अपेक्षाच नसते, रात्री अडीच वाजता पोराने दोनदा औषध प्यायलं तर पाऊण मिनिटात उत्तर सापडावं एवढंच.

पाचवा मुद्दा मधेच घेते कारण तो आमच्याच घरात घडला. माझी आई नौपाड्यात राहते, तिला हाडं ठिसूळ झाली म्हणून एलेंड्रोनेटची गोळी दिली, आठवड्यातून एकच. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, मी स्वतः बाजूला बसले होते. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा तास खायचं-प्यायचं नाही आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते म्हणून हा सगळा सोपस्कार. आईच्या डोक्यात राहिलं काय, तर "रविवार" आणि "सकाळी". ती रविवारी उठून चहाबरोबर गोळी घ्यायची आणि पेपर घेऊन पुन्हा पलंगावर आडवी. तीन आठवडे छातीत जळजळ, त्यावर स्वतःच्या मनाने अ‍ॅसिडिटीचं औषध चालू, आणि मला कळलं चौथ्या रविवारी, मी नेमकी तेव्हाच तिथे होते म्हणून. कागद कुठाय विचारलं तर म्हणाली कसला कागद. तिला मेडिकलवाल्याने चार गोळ्यांची एक स्ट्रिप छोट्या खाकी पाकिटात घालून दिली होती, खोकं आणि कागद दुकानातच. दहा स्ट्रिपच्या खोक्यात बऱ्याचदा कागद एकच असतो, आणि आपल्याकडे तर कात्रीने चार गोळ्या कापून देतात, त्यात एक्सपायरी छापलेला तुकडा पण दुकानातच राहतो. फेकून द्या म्हणे. फेकायला तरी तो हातात यायला हवा ना.

डॉक्टर सांगत नाहीत असं मी म्हणतच नाही. ओपीडीबाहेर पंचवीस जण बसलेले असताना पाच मिनिटांत चार सूचना तोंडी दिल्या तर घरी पोचेपर्यंत दोन उरतात, आणि त्याही मनाने दुरुस्त करून. यातलं सगळ्यात वाईट उदाहरण मेथोट्रेक्सेटचं. संधिवाताला ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, पण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे माणूस तीही रोज घेतो, रक्तपेशी बनणं बंद पडतं आणि यात लोक दगावलेले आहेत. हे इतकं वारंवार व्हायला लागलं की युरोपात 2019 साली खोक्यावर ठळक इशारा आणि पेशंटसाठी वेगळं कार्ड असे नियम आणले. तिथेही डॉक्टर सांगतच होते की.

दुसरा मुद्दा, वाचलं की होतं. इथे मेसेजवाला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2007 साली इटलीतला एक अभ्यास छापून आला, प्रोस्टेटच्या फिनास्टेराइड गोळीचा. औषध सगळ्यांना तेच, पण काहींना आधी सांगितलं की याने लैंगिक तक्रारी होऊ शकतात आणि काहींना सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यातल्या 43.6 टक्के लोकांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत 15.3 टक्के. एवढा फरक नुसत्या सांगण्याने पडतो. पण म्हणून सांगूच नका? अंगावर पुरळ उठून ओठ सुजले तर हे गोळीमुळे आहे आणि लगेच हॉस्पिटल गाठायचंय हे माणसाला कोण सांगणार, शेजारचे काका? सांगायचं कसं यावर खरी मारामारी आहे. लीफलेटमध्ये "कॉमन" शब्दाला ठरलेला अर्थ असतो, शंभरात एक ते दहा जण. वाचणारा मात्र कॉमन म्हटलं की निम्म्याअर्ध्या लोकांना होत असणार असं धरतो. "रेअर" म्हणजे दहा हजारात एक ते दहा, तेही कुणाच्या गावी नसतं. म्हणून नुसता शब्द न टाकता आकडा टाकायचा, आणि आकडाही 1000 पैकी 1, मग 50 पैकी 1 असा बदलता ठेवायचा नाही कारण लोक मोठा आकडा बघून मोठा धोका समजतात. ज्याला तातडीने धावायचं ते साइड इफेक्ट सगळ्यात वर, काय करायचं त्याच्यासकट, आणि किरकोळ मळमळ वगैरे खाली. एबीसीडीप्रमाणे लावलेली चाळीस नावांची यादी दिली तर माणूस घाबरणार नाहीतर कंटाळणार. आणि काही झालंच तर ते कळवायला आपल्याकडे सरकारी टोल फ्री नंबर आहे, 1800-180-3024, तोही कधी पुढे पाठवा.

चौथा मुद्दा दोन ओळीत. क्यूआर कोड 1 ऑगस्ट 2023 पासून ठराविक 300 ब्रँडना सक्तीचा झाला, सगळ्या औषधांना नाही. आणि त्यात असतं औषधाचं नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तारखा, लायसन्स नंबर. माल खरा की बनावट हे बघायला उत्तम. जेवणाआधी की नंतर हे त्यात शोधत बसाल तर हाती बॅच नंबर लागेल.

आता तिसरा, मुद्दाम बारीक अक्षरं. मुद्दाम कुणी करत नाही हो, त्यापेक्षा वाईट आहे, कुणी ठरवतच नाही. कार्टनचा साइज आधी ठरलेला असतो, घडी घालणारं मशीन अमुकच मापाचा कागद घेतं, कागद पातळ लागतो नाहीतर घडी फुगते, आणि पातळ असला की मागची छपाई पुढे दिसते. दर वर्षी रेग्युलेटरीवाले, म्हणजे कंपनीतले सरकारी नियम सांभाळणारे, दोन पॅरा वाढवतात, कमी कधी करत नाहीत. मग शेवटी आमच्याकडे मेल येतो, "फिट करा". फिट म्हणजे काय, तर फॉन्ट उतरवा. युरोपची गाइडलाइन निदान 9 पॉइंटचं अक्षर आणि ओळींत 3 मिलिमीटर अंतर मागते, तेव्हा तिथे कागद मोठा करावाच लागतो. इथे कोण विचारतंय.

यावर ग्रुपमधल्या एकाने लगेच उपाय टाकला, "मराठीत छापा, प्रश्न मिटला". अहो नाही मिटत. एक तर देवनागरीला वर वेलांट्या खाली उकार, रोमन अक्षरांना पुरते ती जागा तिला पुरत नाही, बारीक केली की रफार आणि अनुस्वार पहिले उडतात आणि १ चा ९ दिसतो. ०.५ मधला ठिपका उडाला तर काय होईल सांगायला नको. दुसरं म्हणजे शब्द. भाषांतरवाले पाठवतात "यकृत", "मूत्रपिंड", "प्रतिनिर्देश". लिव्हर आणि किडनी म्हटलं की घाटावरच्या माझ्या मावशीला पण कळतं, मूत्रपिंड म्हटलं की ती गप्प बसते. आणि प्रतिनिर्देश म्हणजे "कोणी घेऊ नये" हे मला स्वतःला डिक्शनरी उघडून बघावं लागलं.

पण खरी गंमत आहे वाक्याच्या शेपटाची. इंग्रजीत "डू नॉट" आधी येतं. आपलं "नये" सगळ्यात शेवटी. "ही गोळी तोडून, चावून किंवा पाण्यात विरघळवून घेऊ नये" असं वाक्य अरुंद कॉलममध्ये बसवलं की पहिली ओळ संपते "विरघळवून घेऊ" वर, आणि "नये" बिचारं एकटं खालच्या ओळीत. मी हे प्रूफ ऑफिसच्या चहावाल्या मावशींना दाखवलं, चष्मा नव्हता, त्यांनी मोठ्याने वाचलं "पाण्यात विरघळवून घेऊ" आणि मान हलवली, म्हणजे कळलं. त्या दिवसापासून मी भांडून तसं वाक्य तोडून घेते. "गोळी अख्खी गिळा. तोडू नका. चावू नका. विरघळवू नका." जागा जास्त खातं, खाऊ दे.

मग मी आईसाठी स्वतःच एक चिठ्ठी लिहिली, स्केचपेनने, सहा ओळींची, आणि म्हटलं टेस्ट करूया. टेस्टला कोण, तर हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे आमच्या मजल्यावरचे काका. त्या गोळीच्या इंग्रजी कागदात असतं की साधंच पाणी घ्या, मिनरल वॉटर नको, कारण खऱ्या मिनरल वॉटरमध्ये कॅल्शियम जास्त असू शकतं आणि मग गोळी अंगी लागत नाही. मी ते तसंच्या तसं उतरवलं होतं. काका म्हणाले, "म्हणजे बाहेरगावी गेलो तर बाटलीचं पाणी नको, नळाचं प्यायचं?" आपण स्टेशनवर घेतो ती पाण्याची बाटली म्हणजे बहुतेक वेळा नुसतं पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर असतं, त्याला मिनरल वॉटर म्हणायची आपली सवय. वीस वर्षं हे काम करून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती ओळ खोडली, लिहिलं "पाणीच घ्यायचं. चहा, दूध, ज्यूस नाही." दुसरी अडचण आईनेच काढली, आडवं व्हायचं नाही तर मग अर्धा तास उभीच राहू का. म्हणून "बसलं, उभं राहिलं, फिरलं तरी चालेल, फक्त आडवं व्हायचं नाही" असं झालं.

काकांना विचारलं, चिठ्ठी गोळ्यांच्या डब्यात ठेवू ना? ते म्हणाले डब्यात कशाला, चूक तर चहा करताना होते. आता ती चहाच्या डब्याला सेलोटेपने चिकटवलीय.