वाईनच्या वहीवर शेरीचा उतारा

युरोपातल्या जरा बऱ्या हॉटेलात जेवायला बसलं की मेनूकार्ड येतं दोन पानांचं, आणि त्यामागून वाईनची यादी येते ती तलाठ्याच्या कपाटातल्या बाडासारखी. वर चामड्याचं पुठ्ठं. आत गावांची नावं, टेकड्यांची नावं, मळेवाल्याच्या खापरपणजोबांची नावं. बाटलीत काय आहे आणि ते गोड आहे की आंबट, एवढंच लिहायचं राहून गेलेलं असतं. शेजारी वेटर उभा असतो. तो काही बोलत नाही, नुसता उभा राहतो, आणि त्यातच समोरच्याच्या पोटात गोळा येतो. मग भला माणूस यादीतली खालून दुसऱ्या किमतीची बाटली बोटाने दाखवून मोकळा होतो. कंजूसही दिसायचं नाही आणि खिशालाही भोक पडायचं नाही!

फ्रेंच आणि इटालियन मंडळी असं धरून चालतात की द्राक्षांची नावं तुम्हाला बालवाडीतच पाठ करून घेतली आहेत. म्हणून ते फक्त गाव छापतात. शाब्ली म्हटलं की आत शार्दोने, सॉन्सेर पांढरी असेल तर सोव्हिन्यों ब्लां, बारोलो म्हणजे नेब्बिओलो. जर्मन लोक उलट सगळंच छापतात, तेही अशा लांबीच्या शब्दांत की वाचेपर्यंत सूप गार होतं. तिथे शब्दांच्या नादी न लागता अल्कोहोलचा आकडा बघावा. द्राक्षातली साखर आंबून अल्कोहोल होतं. मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंग द्राक्षाच्या वाईनवर 8 टक्के लिहिलं असेल तर बरीच साखर आंबायची राहिली आहे, म्हणजे वाईन गोडसर. 12च्या वर असेल तर बहुतेक कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. शॅम्पेनवाल्यांनी मात्र कहर केला आहे. त्यांची ‘ब्रूत’ म्हणजे लिटरला 12 ग्रॅमच्या आत साखर, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे 12 ते 17 ग्रॅम. जास्तीची कोरडी मागवावी तर जास्तीची गोड पदरात पडते. त्या मानाने स्पेनचं रिओखा समंजस. लाल वाईन क्रियान्सा असेल तर किमान दोन वर्षं मुरलेली, रेझेर्वा तीन, ग्रान रेझेर्वा पाच. पैकी ओकच्या पिंपात पहिल्या दोघींनी किमान एकेक वर्ष आणि तिसरीने दोन काढलेली.

बाटली ठरली तरी सुटका नाही, कारण पुढे विधी असतो. वेटर बाटली आणून लेबल दाखवतो. इथे मान डोलावण्याआधी नाव आणि साल यादीशी ताडून बघा, दाखवतात ते तेवढ्यासाठीच. मग तो बूच काढून टेबलावर ठेवतो. ते हुंगायचं नाही. ओल्या बुचाला बुचाचाच वास येतो. मग पेल्यात दोन घोट ओततो आणि टेबलावरचे सगळे श्वास रोखून तुमच्याकडे बघू लागतात. वाईन आवडली का, हा प्रश्नच नसतो. नासली आहे का, एवढंच सांगायचं असतं. बुचातून शिरणारं टीसीए नावाचं एक रसायन अगदी नखभर असलं तरी वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या रद्दीचा वास लागतो आणि फळाचा वास मरतो. त्यासाठी पेला एकदा फिरवून वास घेतला की पुरे. चूळ भरल्यासारखे गाल फुगवायची गरज नाही. संशय आला तर “जरा तुम्हीच वास घेऊन बघता का?” असं वेटरलाच म्हणावं. अब्रू दोघांचीही राहते. फिरकीच्या झाकणाची बाटली असेल तर हा सोहळा जवळजवळ फुकटचाच, पण वेटर तो करतो, आणि आपणही गंभीर चेहऱ्याने करून घेतो.

या सगळ्या छळावर माझ्याकडे एकच उतारा आहे, तो म्हणजे शेरी. ती वहीत कुठल्यातरी कोपऱ्यात असते, कधी जेवणाआधीच्या पेयांत तर कधी गोडाच्या पानावर दडपलेली, कारण बऱ्याच हॉटेलांना तिचं काय करावं ते कळलेलं नसतं. म्हणूनच तिची किंमत तिच्या गुणांच्या मानाने कमी असते. शिवाय ती पेल्याच्या मापाने मिळते, अख्खी बाटली घ्यावी लागत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. इतर वाईन मागवताना परीक्षा गिऱ्हाइकाची होते, शेरी मागवली की हॉटेलाची होते.

ही वाईन दक्षिण स्पेनच्या कादिस प्रांतातली. हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलूकार दे बार्रामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या टापूत ती मुख्यतः मुरते. जमीन खडूसारखी पांढरी, द्राक्ष पालोमिनो. या द्राक्षाला स्वतःचं असं फारसं व्यक्तिमत्त्व नाही, आणि तेच उपयोगी पडतं. पुढचं सगळं काम पिंपात होतं. साधी पांढरी वाईन झाली की तिच्यात द्राक्षाचं मद्यार्क घालून अल्कोहोल 15 टक्क्यांवर नेतात. पिंप 600 लिटरचं, पण भरतात 500 लिटरच. वर मोकळी जागा राहिली की वाईनवर यीस्टची पांढरट साय धरते. तिला तिथे फ्लोर म्हणतात. ही साय हवेला वाईनपर्यंत पोचू देत नाही आणि खालून तिच्यातलं ग्लिसरीन खात बसते. म्हणून अशी सायीखाली मुरलेली शेरी, म्हणजे फिनो, इतकी कोरडी ठणठणीत लागते आणि तिला बदामाचा, कच्च्या पिठाचा, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. सायीला दमट हवा लागते, त्यासाठी तिथल्या बोदेगांच्या, म्हणजे वाईनच्या कोठारांच्या, मातीच्या जमिनीवर उन्हाळ्यात पाणी शिंपडतात. सानलूकार समुद्राच्या तोंडावर असल्याने तिथे साय बारा महिने जाड राहते, आणि तिथल्या फिनोला मान्सानिया हे वेगळं नाव मिळतं. अल्कोहोल 17च्या वर नेलं तर साय मरते, हवा लागते, वाईन तपकिरी होत जाते, ती ओलोरोसो. आधी काही वर्षं सायीखाली आणि मग हवेत, ती आमोंतियादो.

आता हॉटेलाची परीक्षा. फिनोला पिंपात सायीचं छत्र होतं, बाटलीत ते नसतं. बूच उघडलं की ती उघड्यावर पडते. फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर ठीक राहते, पण बारच्या फळीवर, दिव्याच्या उजेडात, रमच्या शेजारी उभी केलेली फिनो दोन-चार दिवसांतच मान टाकते. रंग गवताच्या काडीसारखा फिका असायला हवा तो पिवळाधमक होतो, वासात शिळेपणा येतो. आणि मग लोक म्हणतात, शेरी काही खास नाही बुवा. म्हणून बसल्या बसल्या विचारावं, “फिनो फ्रिजमध्ये आहे का? बाटली कधी उघडली?” उत्तर देताना वेटरची नजर फळीकडे गेली तर समजून घ्या आणि ओलोरोसो मागवा. तिने हवेशी आधीच जमवून घेतलेलं असतं, उघडल्यावरही ती महिनाभर सहज टिकते. आमोंतियादो दोन-तीन आठवडे. फिनोच हवी असेल आणि दोघंतिघं असाल तर 375 मिलीची अर्धी बाटली समोर उघडून घ्यावी.

दुसरी चाचणी पेल्याची. काही ठिकाणी शेरी अंगठ्याएवढ्या पेलीत काठोकाठ भरून देतात, खोकल्याच्या औषधाचा डोस द्यावा तशी. त्यात नाक जात नाही आणि हात हलला की पँटवर सांडते. सरळ पांढऱ्या वाईनचा पेला मागावा, त्यात एक तृतीयांश भरून घ्यावी. फिनो 7 ते 9 अंशांवर, ओलोरोसो आणि आमोंतियादो 12 ते 14 अंशांवर. फार गार केली तर ओलोरोसोतला अक्रोडाचा वास मुका होतो.

फिनोचा पहिला घोट रिकाम्या तोंडी घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. जीभ गोडाच्या तयारीत असते, कारण शेरी म्हणजे गोड असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं, आणि तोंडात येतं खारट, कडसर, हाडासारखं कोरडं काहीतरी. चेहरा असा होतो की वेटर पाणी आणतो. आधी एक खारवलेला बदाम किंवा हिरवं ऑलिव्ह चावा, मग घोट घ्या. मिठाने कडवटपणा दबतो आणि तीच फिनो एकदम शहाण्यासारखी वागू लागते. कादिसकडे हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या पिठात चिमुकल्या कोलंब्या, कांदा आणि पार्स्ली घालून पातळ कुरकुरीत तळतात, तिला तोर्तियिता म्हणतात. मालवणच्या माणसाला तिची कृती समजावून सांगावी लागणार नाही. गार मान्सानियाचं तिच्याशी जे जमतं ते बघून बाकीची यादी मिटून ठेवावीशी वाटते.

तिथला ठोकताळा असा आहे: पोहणाऱ्याला फिनो, उडणाऱ्याला आमोंतियादो, धावणाऱ्याला ओलोरोसो. म्हणजे मासळी, कोंबडी आणि मटण. जागच्या जागी उभी राहणारी बिचारी भाजी या हिशेबातून सुटली आहे. शाकाहाऱ्यांची पंचाईत तशीही दुहेरी. आंदालुसियात, म्हणजे या दक्षिण स्पेनात, हामोन (डुकराचं खारवून वाळवलेलं मांस) नको म्हटलं की टूना घालून आणतात, तोही शाकाहारी समजून. पण वाईनपुरतं सांगायचं तर शतावरीच्या कोंबांपुढे आणि आर्टिचोकपुढे भल्याभल्या वाईन लोखंडासारख्या लागतात, फिनो मात्र तिथे तग धरते. सेव्हियात जिरं-लसूण घालून केलेली पालक-छोल्यांची भाजी सगळीकडे मिळते, तिच्याबरोबर आमोंतियादो घ्यावी. मश्रूमबरोबरही तीच.

“ही कुठल्या सालची?” असं मात्र विचारू नये. शेरी पिंपांच्या ओळींत मुरते. सर्वांत खालची ओळ सोलेरा, तिच्यातून बाटलीत भरायला वर्षाला फार तर एक तृतीयांश वाईन काढतात, ती तूट वरच्या ओळीतून भरतात, वरच्या ओळीची तिच्या वरून. असं पिढ्यान्‌पिढ्या चालल्यावर प्रत्येक पेल्यात आजोबा आणि नातू एकत्रच येतात. लेबलवर एकोणिसाव्या शतकातला आकडा दिसला तर तो बहुधा ती सोलेरा सुरू झाल्याचा असतो. वाईन तेवढी म्हातारी समजून कुणी जादा पैसे मोजू नयेत. व्हीओएस असं लिहिलं असेल तर सरासरी वय किमान 20 वर्षं, व्हीओआरएस असेल तर 30. ही मात्र खरीच महाग, आणि पेल्याचा भाव व माप दोन्ही आधी विचारून घ्यावीत, नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतात.

हेरेसच्या टाबांकोंमध्ये, म्हणजे शेरीच्या साध्या गुत्त्यांमध्ये, यातलं काहीच लागत नाही. तिथे वही नाही, विधी नाही. पिंपातून थेट पेल्यात, आणि जुन्या पद्धतीच्या जागी हिशेब लाकडी काउंटरवर खडूने. मात्र संध्याकाळी सातला जेवायचा हट्ट धरू नका. रात्रीच्या जेवणाचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊच्या आधी जागं होत नाही, तोवर बदाम चावत बसायचं.

जेवण संपलं की वेटर गोडाची वाईन सुचवतो. गोव्यात दुकानातून ‘पोर्ट’ म्हणून आणलेली स्वस्त गोड लाल वाईन ज्यांना माहीत आहे त्यांनी पोर्तुगालच्या पोर्टला तिची बहीण समजू नये. दौरू खोऱ्यातली पोर्ट 20 टक्क्यांच्या आसपास असते आणि झपकन चढते. शेरीच्या घरातली गोडाची धनीण म्हणजे पेद्रो हिमेनेस. द्राक्षं उन्हात वाळवून मनुक्यांसारखी करतात आणि मग पिळतात. लिटरला 400 ग्रॅमपर्यंत साखर. 100 मिलीचा पेला घेतला तर 40 ग्रॅम, म्हणजे चहाचे आठ चमचे, तेही वर केक असताना! त्यापेक्षा व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा मागवावा आणि दोन चमचे पेद्रो हिमेनेस त्यावर ओतायला सांगावी. काळ्या काकवीसारखी ती ओघळते. वहीत तिला पेयांच्या पानावर छापलेलं असतं, तेवढं चालवून घ्या.