चौकटीतली फुली

यंदा आमच्या घरचा दीड दिवसाचा गणपती मी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या गावी, मोबाईल तांब्याला टेकवून, पडद्यावर पाहिला, आणि त्याला कारण झाली ती एका छापील कागदावर चुकीच्या चौकटीत पडलेली फुली. आरती अर्ध्यावर असताना संपर्क तुटला आणि पुन्हा जुळला तेव्हा पडद्यावर केवळ काकूंचा कोपर दिसत होता.

मी दगडफुलांवर काम करते. आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच दगडफूल; शास्त्राच्या भाषेत तो बुरशी आणि शेवाळ यांचा संसार असतो. येथल्या एका संस्थेने मला वर्षभरासाठी बोलावले आणि आपल्या येण्याने आमचा गौरव होईल, असे पत्र पाठवले. त्याच लिफाफ्यात जर्मन वास्तव्य कायद्याच्या, संशोधकांसाठीच्या कलम १८ ड अन्वये करायचा यजमानपदाचा करार होता. करार संपल्यावर पाहुणी बेकायदा येथेच राहिली, तर सहा महिन्यांपर्यंतचा तिच्या पोटापाण्याचा आणि तिला हद्दपार करण्याचा खर्च संस्था सोसेल, अशी हमी त्यात असते. मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना ही हमी माफ आहे, पण माझी संस्था खाजगी देणग्यांवर चालते, त्यामुळे तिने ती मुकाट्याने लिहून दिली होती. लग्नपत्रिकेच्या पाठीमागे घटस्फोटाच्या वकिलाचा पत्ता छापावा, तसा हा प्रकार मला वाटला.

सहा महिन्यांच्या व्हिसावर मी फेब्रुवारीत आले, घरमालकाचा दाखला घेऊन दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवला आणि मे महिन्यात वास्तव्य परवान्याचा अर्ज केला. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने भेटीची वेळ दिली ती १२ ऑगस्टची, म्हणजे व्हिसा संपण्यास दोन दिवस उरले असतानाची. पुण्याहून काढून आणलेली ३५ बाय ४५ मिलिमीटरची आठ छायाचित्रे तेथील बाईंनी न पाहताच परत केली, कारण १ मे २०२५ पासून कागदी छायाचित्र चालत नाही. कार्यालयातल्या यंत्राने सहा युरो घेऊन माझे नवे छायाचित्र काढले आणि त्यात मी खरोखरच हद्दपारीयोग्य दिसले. बोटांचे ठसे झाले. परवान्याचे कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येण्यास काही आठवडे लागतील, तोवर हा दाखला जवळ ठेवा, असे सांगून बाईंनी एक घडीचा कागद पुढे सरकवला आणि तेरा युरो यंत्रात भरून पावती आणण्यास फर्मावले.

या दाखल्याचे नाव ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’, सरळ मराठीत काल्पनिकतेचा दाखला. परवाना अद्याप दिलेला नाही, पण तो आहे अशी कल्पना करण्यास कायद्याची हरकत नाही, असा त्याचा आशय. माझे वास्तव्य अशा रीतीने ललित वाङ्मयात जमा झाले.

पैसे भरण्याच्या यंत्राने माझी पन्नासची नोट तीनदा बाहेर थुंकली, तेव्हा शेजारच्या बाकावरून एक वृद्ध तुर्की गृहस्थ उठले आणि खिशातून सुटे काढून माझी नोट त्यांनी मोडून दिली. भर ऑगस्टात त्यांच्या अंगावर लोकरी कोट होता, गळ्यात दोरीला चष्मा, आणि हातातल्या पिशवीत सूर्यफुलाच्या बिया होत्या; त्या ते सोलून खात होते आणि टरफले दुसऱ्या पिशवीत जमा करत होते. “तू कोणत्या कलमाची?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि तो त्यांनी आपल्याकडे ‘मूळ गाव कोणते’ असे विचारतात, त्याच सुरात विचारला. मी अठरा ड म्हणताच त्यांनी समाधानाने मान डोलावली. “चांगले घराणे आहे. तो खिडकीशी बसलेला मुलगा सोळा ब, विद्यार्थी. त्याला वर्षाला १४० दिवसच काम करता येते, म्हणून तसा चेहरा आहे. ती पिवळ्या छत्रीवाली अठरा ग, ब्लू कार्ड, म्हणजे बड्या पगाराची नोकरी. ती आपल्याशी बोलायची नाही. आणि हा माझा पुतण्या तिसाव्या कलमाचा, बायकोच्या पाठोपाठ आलेला.” पुतण्याने, म्हणजे सहा फुटांच्या एका दाढीवाल्या घरजावयाने, ओशाळून जमिनीकडे पाहिले.

हे काका १९७१ साली कारखान्यात कामगार म्हणून आले; १९७३ च्या नोव्हेंबरात जर्मनीने परदेशी कामगारांची भरतीच बंद केली. “इस्तंबूलला तेव्हा त्यांनी आमचे दात तपासले होते,” ते म्हणाले, “आता कागद तपासतात. दात बरे होते, ते आपल्याच तोंडात राहायचे.” मग त्यांनी हात पुढे केला आणि मी का कोण जाणे, मुकाट्याने दाखला त्यांच्या हाती दिला. चष्मा चढवून त्यांनी तो असा न्याहाळला की, मुलीचे मंगळाचे काय होते ते आता कळणार, अशी धाकधूक मला वाटू लागली.

“मुली, यांनी फुली चुकीच्या घरात मारली आहे.”

तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात. वास्तव्य अनुमत मानले जाते, ही पहिली. हद्दपारी स्थगित मानली जाते, ही दुसरी. आणि आधीचा परवाना चालू असल्याचे मानले जाते, ही तिसरी. राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज केलेल्या माझ्यासारखीला तिसरी चौकट लागू होते, आणि देशाबाहेर जाऊन परत येता येते ते केवळ तिसरीवर. माझी फुली पहिलीत होती. माझे विमान २३ ऑगस्टला होते. “या कागदावर तू जाशील,” काकांनी बी सोलता सोलता सांगितले, “पण येणार नाहीस.”

मी धावत दाराशी गेले तेव्हा बारा वाजून चार मिनिटे झाली होती आणि दार बंद होते. काचेपलीकडे त्या बाई डबा उघडून बसल्या होत्या. मी दाखला काचेला लावला आणि चौकटीवर बोट ठेवले. त्यांनी दारावरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवले. सायंकाळी पाठवलेल्या ईमेलला तीन दिवसांनी उत्तर आले, त्यात दुरुस्तीसाठी ३ सप्टेंबरची वेळ होती. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिकिटाचे पैसे बुडाले आणि आईने “इतके शिकून काय उपयोग?” असे विचारले, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्याकडे सारे आलबेल आहे, असे म्हणण्याची सोय नाही. माझ्या एका जर्मन सहकाऱ्याला पुण्यात खोली देणाऱ्या घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद करणारा ‘फॉर्म सी’ तेव्हा चोवीस तासांत भरावा लागे, हे ऐकले मात्र आणि खोली एकाएकी भाच्याला देऊन टाकली होती. ते मला मान्य आहे. परंतु मी ज्या नकाशा दगडफुलाची मोजमापे घेते, ते वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, आणि तरीही माझ्या येथल्या अर्धवर्षात त्याची प्रगती माझ्या फायलीहून समाधानकारक आहे. बारा महिन्यांसाठी बोलावलेल्या बाईचे सहा महिने, ती बारा महिने राहू शकते हे ठरवण्यात जातात, आणि ज्यांच्या हातून फुली चुकते त्यांची सुट्टी हुकत नाही, याचा मला राग आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

३ सप्टेंबरला बाईंनी नवा दाखला छापला आणि तिसऱ्या चौकटीत फुली मारली. सगळे मिळून दोन मिनिटे लागली. “आता खुशाल प्रवास करा,” त्या प्रसन्नपणे म्हणाल्या, “कोठे जायचे होते?” घरी एक उत्सव होता, तो आटोपला, असे मी सांगितले. “म्हणजे आता घाई नाही,” त्या म्हणाल्या आणि दाखला नवा असल्याने शुल्कही नवे पडेल, असे सांगून यंत्राकडे हात केला. या वेळी मी तेरा युरो सुटे आणले होते. बाकावर काका नव्हते. मी पैसे भरले आणि पावती मागून घेतली.