होस्ट क्रॅश झाला म्हणून लगेच रिपेअर चालवू नका

व्हीएम (एका संगणकावर सॉफ्टवेअरने उभारलेला आभासी संगणक) चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार फॉरवर्ड होतो. त्याचा मजकूर साधारण असा: होस्ट (व्हीएम ज्यावर चालते तो खरा संगणक) अचानक बंद पडला की क्यूकाऊ२ इमेज (व्हीएमची डिस्क एका फाइलमध्ये साठवण्याचा एक फॉरमॅट) करप्ट होतेच, म्हणून रॉ (डिस्कची साधी, जशीच्या तशी फाइल) वापरा. गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्ये) जर्नल (होऊ घातलेले बदल आधी टिपणारी नोंदवही) असलेली फाइल सिस्टिम असेल तर डेटाची चिंता नको. तरीही इमेज बिघडलीच तर ‘क्यूईएमयू-आयएमजी चेक’ या इमेज तपासणाऱ्या कमांडला ‘-आर ऑल’ (सगळं दुरुस्त कर) जोडून चालवा, इमेज पूर्ववत होते. आणि स्नॅपशॉट (डिस्कची त्या त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेतलेले असतील तर वेगळा बॅकअप लागत नाही.

यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. पहिली दोन दिशाभूल करतात. तिसरं मात्र वाचवता आला असता असा डेटा घालवतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘क्यूकाऊ२ क्रॅशमध्ये करप्ट होतेच’

गेस्टने डिस्कच्या कोऱ्या भागात काही लिहिलं की इमेज फाइलमध्ये तीन ठिकाणी बदल होतो. प्रत्यक्ष डेटा एका नव्या क्लस्टरमध्ये (इमेज फाइलच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) जातो. क्लस्टरचा आकार मुद्दाम बदलला नसेल तर ६४ केबी. तो क्लस्टर आता वापरात आहे, ही नोंद रेफकाउंटमध्ये (त्या क्लस्टरकडे किती ठिकाणांहून बोट दाखवलंय त्या आकड्यात) होते. आणि गेस्टच्या दृष्टीने अमुक जागा म्हणजे फाइलमधला तमुक क्लस्टर, हे एल२ टेबलमध्ये लिहिलं जातं. होस्ट या तिन्हींच्या अधेमध्ये कधीही मरू शकतो.

क्यूईएमयू (या इमेजवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) यासाठीच क्रम पाळतं: रेफकाउंट आधी डिस्कवर पक्का, त्यानंतर एल२. मध्येच वीज गेली तर एखादा क्लस्टर ‘वापरात’ म्हणून नोंदलेला राहतो, पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. याला लीक म्हणतात. जागा वाया जाते, डेटा जात नाही. लेझी रेफकाउंट हा पर्याय चालू असेल तर रेफकाउंट मुद्दामच मागे ठेवलेले असतात. त्यासाठी हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) डर्टी बिट (इमेज नीट बंद झाली नाही ही खूण) असतो आणि इमेज पुढच्या वेळी लिहिण्यासाठी उघडताना रेफकाउंट नव्याने मोजले जातात.

खरी करप्शन होते ती हा क्रम मोडल्यावर. क्रम मोडतो कारण वाटेत कोणीतरी फ्लश (साठलेलं लिखाण आता डिस्कवर पक्कं करा, हा आदेश) गिळलेला असतो. कॅशे मोड ‘अनसेफ’ ठेवला की क्यूईएमयू स्वतःच फ्लशकडे दुर्लक्ष करतं. बॅटरी नसलेला रेड कंट्रोलर किंवा एखादी स्वस्त एसएसडी ‘लिहिलं’ म्हणून सांगते आणि डेटा अजून तिच्या मेमरीतच असतो. आणखी एक प्रकार क्रॅशनंतर घडतो: पहिला होस्ट मेला असं समजून अनेक होस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर तीच व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवतं, प्रत्यक्षात पहिला जिवंतच असतो, आणि दोघं एकाच फाइलमध्ये लिहितात. क्यूईएमयू २.१० पासून इमेज लॉक होते, पण खालच्या स्टोरेजवर लॉक नीट चालत असतील तरच त्याचा उपयोग.

इथे एक फरक बरेच जण विसरतात. क्यूईएमयूची प्रोसेस मारली गेली तर होस्टच्या पेज कॅशेतला (मेमरीत तात्पुरता ठेवलेला) डेटा शाबूत राहतो आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो यथावकाश डिस्कवर उतरवतो. होस्टचा कर्नलच पॅनिक झाला, म्हणजे कोसळला, तर ते पेज कॅशे गेलं. ‘मी दहा वेळा प्रोसेस किल करून पाहिली, काही होत नाही’ हा पुरावा म्हणूनच होस्ट क्रॅशला लागू पडत नाही. यूपीएसही कर्नल पॅनिकपासून वाचवत नाही.

‘रॉ घेतलं की सुटलो’

रॉ इमेजला स्वतःचा मेटाडेटा (डेटा कुठे आहे याच्या नोंदी) नाही, त्यामुळे इमेजच्या पातळीवर बिघडण्यासारखं काही नाही, इतपत खरं. पण गिळलेला फ्लश इथेही गिळलेलाच असतो. फटका फक्त थेट गेस्टच्या फाइल सिस्टिमला बसतो. शिवाय रॉवर ‘चेक’ चालवलं तर हा फॉरमॅट तपासता येत नाही एवढंच उत्तर मिळतं, म्हणजे बिघाड झाला की नाही हे या कमांडने कळायचा मार्गही बंद.

फॉरमॅटने काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या व्हीएचडीएक्स या इमेज फॉरमॅटमध्ये मेटाडेटाच्या बदलांसाठी स्वतंत्र लॉग आहे, जुन्या व्हीएचडीमध्ये तो नव्हता, आणि ही सुधारणा खरीच मोलाची आहे.

‘जर्नल आहे, मग डेटा सुरक्षित’

ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ मोडमध्ये फक्त मेटाडेटा जर्नलमध्ये लिहितं, तुमच्या फाइलमधला मजकूर नाही. आणि जर्नलचा सगळा डोलारा फ्लशवरच उभा आहे. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेस्टच्या आयडीई आणि साटा डिस्कसाठीच्या फ्लश विनंत्या वेगासाठी एरवी दुर्लक्षिल्या जातात; त्या पाळायच्या असतील तर ‘इग्नोरफ्लश’ हे सेटिंग प्रत्येक डिस्कसाठी शून्य करावं लागतं. डेटाबेस चालवणाऱ्या व्हीएमवर हे तपासलं नसेल, तर कमिट झालेला व्यवहारही होस्टसोबत जाऊ शकतो.

‘-आर ऑल चालवा, पूर्ववत होते’

क्यूईएमयूच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच इशारा आहे की या पर्यायात चुकीची दुरुस्ती निवडली जाण्याचा किंवा आधीच झालेली करप्शन झाकली जाण्याचा धोका जास्त आहे. झाकली जाते म्हणजे काय, ते पाहा.

समजा क्रम मोडल्यामुळे गेस्टच्या दोन वेगळ्या जागा एकाच क्लस्टरकडे बोट दाखवू लागल्या. त्यातल्या निदान एका जागेचा डेटा नक्कीच चुकीचा आहे. रिपेअर काय करतं? संदर्भ दोन सापडले म्हणून रेफकाउंट दोन करतं. हिशेब जुळला, पुढचा चेक ‘एरर नाही’ म्हणतो. चुकीचा डेटा तसाच आत आहे.

निरुपद्रवी समजला जाणारा ‘-आर लीक्स’ (फक्त लीक साफ कर) हा पर्यायही दर वेळी निरुपद्रवी नसतो. एका एल२ टेबलमध्ये ८,१९२ नोंदी मावतात, म्हणजे ६४ केबीचं एक टेबल गेस्टच्या ५१२ एमबीचा नकाशा सांभाळतं. ते टेबल शून्यांनी भरून गेलं तर गेस्टला तेवढा पट्टा कोरा दिसतो. डेटाचे क्लस्टर मात्र फाइलमध्ये जागेवर असतात. चेक त्यांच्यासमोर ‘लीक्ड क्लस्टर, रेफकाउंट=१ रेफरन्स=०’ अशा ओळी छापतो. तुम्ही लीक साफ केलेत की ते क्लस्टर मोकळे झाले, आणि पुढचं कुठलंही लिखाण त्यांच्यावर जाऊन बसेल. पाच-पंचवीस लीक क्रॅशनंतर सहज दिसतात. आकडा हजारांत असेल तर थांबा. ‘एरर’ने सुरू होणाऱ्या, रेफकाउंट=० पण रेफरन्स=१ असलेल्या ओळी दिसल्या तर खरी करप्शन आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. व्हीएम उठवू नका. ऑटोस्टार्ट असेल तर बंद करा. होस्टचा कर्नल लॉग आणि डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदी) पाहा, कारण डिस्कच मरत असेल तर आधी डीडीरेस्क्यू (मरत्या डिस्कवरून डेटा वाचवणारं साधन). मग इमेजची पूर्ण कॉपी, आणि ती बॅकिंग फाइलवर (खालच्या मूळ इमेजवर) बेतलेली असेल तर त्या फाइलचीही. ‘चेक’ कुठलाही रिपेअर पर्याय न लावता चालवा आणि आउटपुट जपून ठेवा. एक्झिट कोड ३ म्हणजे फक्त लीक, २ म्हणजे करप्शन. गेस्टचं एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायचं असेल तर मूळ इमेजवर एक नवा ओव्हरले (फक्त बदल साठवणारी वरची फाइल) तयार करून त्यात चालवा: दुरुस्तीचे सगळे बदल ओव्हरलेत जातील, मूळ फाइल जशीच्या तशी राहील. एफएससीकेने वाट लावली तर ओव्हरले फेकून पुन्हा सुरुवात करता येते. ‘-आर ऑल’ची पाळी आलीच तर ते फक्त कॉपीवर.

‘स्नॅपशॉट आहेत, बॅकअप कशाला’

अंतर्गत स्नॅपशॉट त्याच फाइलमध्ये, त्याच रेफकाउंटवर जगतात. मूळ फाइल गेली की तेही गेले. बाह्य स्नॅपशॉटमध्ये जुना डेटा बेस फाइलमध्ये असतो आणि वरचे सगळे ओव्हरले तिच्यावर टेकलेले असतात. क्रॅशनंतर घाईत ‘जुनी चांगली प्रत’ म्हणून कोणी ती बेस फाइलच थेट बूट केली, तर गेस्ट उठताक्षणी तिच्यात लिहायला लागतो आणि वरचे ओव्हरले त्या क्षणापासून विसंगत होतात, मग ते स्वतः कितीही धडधाकट असोत.