त्या वहीत कोणी डोकावून बघितलं का?

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी माझ्या मैत्रिणीचा १९९६ चा फोटो टाकलाय, डोक्यावर मुकुट, खांद्यावरून तो सॅश, आणि खाली लिहिलंय "भावी नगरसेविका, रॅम्पवरून थेट नगरपालिकेत". त्याखाली हसण्याच्या स्मायल्या, बदाम, आणि ज्यांच्या मुलीला तिने दहावीला एक रुपया न घेता गणित शिकवलं त्या गृहस्थांनी लिहिलंय, "पाणी येवो न येवो, सभेला गर्दी नक्की होणार." एकाला पण वाटलं नाही की हे बरोबर नाही. निदान लिहिलं तरी नाही कोणी.

फोटो खरा आहे, तिने तो कधी लपवलाही नाही. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या गावी एक सौंदर्य स्पर्धा झाली होती, त्यात ती पहिली आली, पैठणी आणि मिक्सर मिळाला, मिक्सर अजून चालतोय. संपला विषय. एका संध्याकाळची गोष्ट. त्यानंतर ती एमएस्सी झाली, वीस बावीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, सासूबाईंचं आजारपण काढलं, आणि गेली काही वर्षं वॉर्डाच्या पाण्यामागे हात धुऊन लागलीय. पण लोकांच्या डोक्यात ती अजून त्या स्टेजवरच उभी आहे, कोणी तिला खाली उतरूच देत नाही.

मागच्या महिन्यात मारुतीच्या देवळात मीटिंग होती ती सांगते. तिच्या हातात एक दोनशे पानी वही होती. सहा महिने ही बाई पहाटे स्कूटी काढून गल्लोगल्ली फिरली होती, कुठे पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं, आणि वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो हे मोबाइलवर टायमर लावून लिहून काढलं होतं. टाकीजवळच्या गल्लीत पन्नास सेकंद, आमच्या शेवटच्या गल्लीत सात मिनिटं. का तर वरची घरं नळाला थेट मोटर लावून ओढतात आणि मधला एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही. वीस मिनिटं ती बोलली, एक शब्द फालतू नाही. मग म्हणाली, काही प्रश्न? आणि वॉर्डातले सगळ्यात मोठे, सगळे ज्यांना मान देतात असे काका उठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या स्पर्धेत पहिल्या आला होतात ना? अजून तशाच दिसता, खाता तरी काय?"

सगळे हसले.

काका वाईट नाहीत हो. त्यांना खरंच कौतुकच करायचं होतं, आणि तेच जास्त लागतं, कारण शिवी दिली तर भांडता तरी येतं, कौतुकाशी कसं भांडायचं?

हे काही फक्त आमच्या गावातलं नाही. रीटा फारियांचं बघा. मूळच्या गोव्याच्या घरातली मुंबईची मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत असताना १९६६ ला लंडनला जाऊन मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. वर्षभराचा करार संपला आणि मॉडेलिंग सोडून परत डॉक्टरकीकडे वळली, लंडनला शिक्षण पूर्ण केलं, पुढे आयर्लंडला स्थायिक झाली. एवढं मोठं आयुष्य, आणि आपल्याला काय माहितीय? क्विझमधला एक प्रश्न, पहिली भारतीय मिस वर्ल्ड कोण. डॉक्टर म्हणून किती जणांना माहितीय? मिस इंडियाच्या अंतिम फेरीत गेलेली ऐश्वर्या शेवरान यूपीएससीत ९३ वी आली, २०२० मध्ये निकाल लागला तेव्हा जिकडेतिकडे एकच, ब्युटी विथ ब्रेन. म्हणजे काय? दोन्ही एकत्र असणं इतकं नवल आहे का की त्याला वेगळं नाव द्यावं लागतं? ९३ वा आलेल्या मुलाच्या बातमीत त्याच्या रंगरूपाचा हिशोब कोणी मांडतं का? अभ्यास तिने रात्रंदिवस केला आणि चर्चा चेहऱ्याची.

आणि पुरुषांचं काय, ते सांगा ना. अर्नोल्ड श्वार्झनेगर. त्या माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं चड्डीवर स्टेजवर उभं राहून परीक्षकांना दंड दाखवले, सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया झाला, ती शरीराचीच स्पर्धा होती ना? तो २००३ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला, २००६ ला परत निवडून आला. हसले त्यालाही लोक, मान्य आहे. पण त्याच्या शरीराला मेहनत म्हणतात, शिस्त म्हणतात. आपल्याकडे पैलवान उभा राहिला की "तालमीतला माणूस आहे, शब्दाचा पक्का" म्हणून मतं मागतात. क्रिकेटवाले खासदार झाले, त्यांना कोणी विचारलं का की बॅट धरणाऱ्याला बजेट काय कळणार? बाईने एक दिवस मुकुट घातला की मात्र तिचं डोकं त्या मुकुटाखाली रिकामंच असणार हे आधीच ठरलेलं.

व्हेनेझुएलाची इरेन साएझ १९८१ ची मिस युनिव्हर्स. तिने राज्यशास्त्र शिकलं, राजधानी काराकासमधल्या चाकाओ भागाची महापौर झाली, आणि त्या कामावर तिचं इतकं नाव झालं की १९९८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सर्व्हेत तीच पुढे होती. शेवटी तीन टक्के पण मतं पडली नाहीत, ह्यूगो चावेझ निवडून आले. आता ती काही फक्त या एका कारणाने पडली असं नाही, जुन्या पक्षांना लोक वैतागलेले असताना तिने अशाच एका पक्षाचा पाठिंबा घेतला, ती चूक तिचीच. पण नंतर ती एका राज्याची गव्हर्नर झाली, हे किती जणांना माहितीय? जगाच्या लक्षात राहिली ती हरलेली सुंदरीच.

आता माझ्याच मैत्रिणी म्हणतील की तू कधीपासून या स्पर्धांची बाजू घ्यायला लागलीस. नाही घेत. १९९६ ला बंगळुरूला मिस वर्ल्ड झालं तेव्हा केवढी आंदोलनं झाली होती, स्विमसूटची फेरी सेशेल्सला न्यावी लागली, तेव्हा मी पण आंदोलनवाल्यांच्याच बाजूने वाद घालायचे आणि आजही मला त्या स्पर्धा पटत नाहीत. पोरींना फुटपट्टी लावून मोजणं मला कधीच पटणार नाही. आणि हो, पक्षवाले नुसता चेहरा बघून तिकीट देतात हेही होतं. पण मग पक्षाला शिव्या घाला ना. स्मृती इराणी १९९८ ला मिस इंडिया स्पर्धेत होत्या, पुढे केंद्रात मंत्री झाल्या, त्यांच्या कितीतरी निर्णयांवर मी इथेच कडक लिहिलंय आणि परत लिहीन. निर्णयावर. त्यांच्या जुन्या फोटोवर नाही. एवढा फरक आपल्याला कळायला पाहिजे, आपण तर स्वतःला वाचणारे, विचार करणारे म्हणवतो.

परत त्या देवळात येते कारण ते मनातून जातच नाहीये. काकांनी विचारलं, सगळे हसले, आणि मी पण हसले. तिच्या शेजारीच बसले होते मी. तोंडातून हसू निघून गेलं, सवयीने, मोठ्या माणसांनी काही म्हणलं की हसायचं असतं म्हणून. तिने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. मग शांतपणे वहीचं पान उलटलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या गल्लीत पावणेसहाला पाणी येतं आणि साडेसहाला जातं, बरोबर?" काका म्हणाले बरोबर. मोटर कोणाकोणाच्या घरी आहेत त्याची यादी त्याच पानावर होती, मला दिसत होती, त्यात काकांचं पण नाव होतं. ती ते बोलली नाही. चारचौघात माणसाचा पाणउतारा करायचा नाही एवढी समज तिच्याकडे होती, तिच्या बाबतीत ती कोणाकडेच नव्हती, माझ्याकडे पण नाही.

म्हणून आज ग्रुपवर मी लिहिलं. लांबलचक नाही. एवढंच लिहिलं की हा फोटो काढून टाका, आणि ज्यांना तिच्याबद्दल बोलायचंय त्यांनी आधी तिची वही वाचावी, मी पानांचे फोटो टाकते. टाकले, अकरा पानं. (मोटरवाल्यांच्या यादीचं सोडून.) दोन तास झाले, अजून कोणाचं उत्तर नाही. एकाने गुड आफ्टरनूनचं फूल टाकलंय.

तिला फोन केला, रडकुंडीला आले होते मी, म्हणलं त्या दिवशी मी पण हसले गं, चुकलं माझं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "लागलं होतं मला." आणि मग, "उद्या पहाटे येतेस का? शेवटच्या गल्लीत परत मोजायचंय, बादली धरायला एक माणूस कमी पडतं."

साडेपाचचा गजर लावलाय.