मास्तरची उठबस

गेल्या रविवारी मी मिसळ उभ्याने खाल्ली. नाशकात हा गुन्हा नाही, पण संशय घ्यावा असं वागणं नक्कीच आहे. वेटर तीनदा म्हणाला, "काका, जागा आहे ना, बसा की." शेवटी त्याने खुर्ची ओढून थेट माझ्या मागे लावली. मी घाईघाईने म्हणालो, "नको नको, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं ते दफेदारांनी, "अजून दोन दिवस दुखेल, मग सवय होईल." हे दोन दिवस सहा आठवडे झाले तरी संपत नाहीयेत.

प्रकरण सुरू केलं आमच्या कन्येने. दिवाळीच्या सुट्टीत तिला घोडेस्वारी शिकायची होती. मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागांमध्ये एक तबेला आहे, तिथे वीस राइडचे पैसे आगाऊ भरले. कन्या चार वेळा गेली आणि पाचव्या दिवशी तिला गिटार आवडायला लागलं. पैसे परत मिळतात का बघायला मी गेलो. फौजेतून निवृत्त झालेल्या दफेदारांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. घोडा विकत घेताना बघतात तसं. मग म्हणाले, "परत नाही मिळत. सोळा राइड उरल्यात. तुम्हीच बसा."

माझं वय ४७, वजन ८२. कचेरीत तेवीस वर्षं कागदी घोडे नाचवलेत, पण जिवंत घोड्याशी संबंध शून्य. लग्नातसुद्धा मी फुलं चिकटवलेल्या मारुतीतून आलो होतो. पण भरलेले पैसे वाया घालवणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. ताटातली भाजी आणि भरलेली फी, दोन्ही संपवायचीच असतात.

"किती उंच आहे हो?" मी विचारलं.

"पंधरा हात," दफेदार म्हणाले.

मी परत एकदा घोड्याकडे पाहिलं. आमच्या आजीचा हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट. त्या हिशेबाने घोडा साडेबावीस फूट व्हायला हवा होता. नंतर कळलं की घोड्याचा हात म्हणजे नुसता पंजा, आडवा धरलेला, चार इंची. आणि मोजायचं ते डोक्यापर्यंत नाही, मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत. म्हणजे पाच फूट. ऐकून बरं वाटलं. वर चढल्यावर मात्र आजीचंच माप बरोबर आहे याची खात्री पटली.

घोड्याचं नाव मास्तर. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेला, मारवाडी रक्ताचा. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, त्यामुळे तो कायम काहीतरी विचारात असल्यासारखा दिसतो. अर्ध्या गंगापूर रोडला त्याने बसायला शिकवलंय. वय अठरा. रिटायरमेंट जवळ आलेल्या शिक्षकाची सगळी लक्षणं त्याच्यात आहेत. नवीन विद्यार्थी आला की तो आधी एक लांब उसासा सोडतो.

पहिल्या दिवशी मी घरातलं हेल्मेट घेऊन गेलो. २०२१ साली नाशिकमध्ये "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" निघालं होतं, तेव्हा घेतलेलं. पेट्रोल भरण्यापुरतंच डोक्यावर चढत असल्याने एकदम कोरं होतं. दफेदारांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसाकडे दिलं. तेव्हापासून त्यात चणे भिजत असतात.

चढायचं डावीकडूनच. कारण म्हणे पूर्वी तलवार डाव्या कमरेला असायची, उजवीकडून चढलं तर ती मध्ये यायची. माझ्या डाव्या कमरेला फक्त मोबाईलचं पाऊच होतं, पण तेही मध्ये आलं. डावा पाय रिकिबीत, हात आयाळीत, आणि उजवा पाय हवेत फिरवून पलीकडे. उजव्या पायाने हा प्रस्ताव सपशेल फेटाळला. शेवटी सईस मामांनी खालून खांदा दिला. हा वाक्प्रचार आपण वेगळ्या प्रसंगी वापरतो, पण मला तेव्हा दोन्हींत फार फरक वाटला नाही.

चालीपर्यंत सगळं ठीक असतं. माणूस इकडेतिकडे बघतो, द्राक्षं कुठवर आलीत ते पाहतो, आपण पेशवाईत जन्माला यायला हवं होतं वगैरे मनात येतं. मग दफेदार म्हणतात, "दुडकी!"

दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात. पुढचा डावा नि मागचा उजवा एकदम, मग उरलेले दोन. टक-टक, टक-टक. प्रत्येक ठोक्याला त्याची पाठ वर उसळते. स्वाराने काय करायचं, तर एका ठोक्याला रिकिबीवर उठायचं आणि दुसऱ्याला बसायचं. "उठ-बस, उठ-बस," दफेदार मैदानाच्या मधोमध उभं राहून ओरडतात. ऐकायला सोपं आहे. शाळेत कान धरून मी पुष्कळ काढल्यात. फरक एवढाच की शाळेत जमीन जागच्या जागी असायची. इथे मी बसायला खाली यायचो तेव्हा मास्तर मला भेटायला वर येत असायचा. आमची भेट दर सेकंदाला दोनदा व्हायची आणि प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने. चौथ्या फेरीपर्यंत मला माझ्या माकडहाडाची जागा, लांबी आणि स्वभाव पाठ झाला.

"मांड ढिली ठेवा! पाठ सरळ! टाच खाली! नजर समोर! श्वास घ्या!" एवढ्या सूचना मला कुणी एका दमात दिल्या नव्हत्या, आणि बायकोशी मी वीस वर्षं संसार करतोय.

मास्तरला मात्र सगळं न सांगता कळायचं. घोड्याच्या कातडीला बसलेली माशी कळते आणि तो नेमकी तेवढीच जागा थरथरवून तिला उडवतो. तिथे ८२ किलोचा घाबरलेला माणूस लपणार कसा? मी मनात नुसतं "आता थांबला तर बरं" म्हटलं की तो थांबे. दफेदारांना वाटे मी लगाम खेचला.

स्वारीच्या आधी आणि नंतर त्याची उठबस मलाच करावी लागते. अंगाला खरारा करायचा, मग खोगीर, मग पोटाखालून तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आवळायचा. इथे मास्तरची एक युक्ती आहे. तंग आवळताना तो पोट फुगवून धरतो आणि नंतर हळूच सोडतो. मग तंग ढिला, खोगीर एका बाजूला आणि स्वार त्याच बाजूला. म्हणून चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायचा. मला हे कळल्यावर त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. शिंप्याकडे पँटचं माप देताना मी नेमकं उलट करतो, पण हेतू तोच, पट्ट्याने खरं बोलू नये.

खूर साफ करणं हे वेगळंच. पाय उचलून गुडघ्यावर घ्यायचा आणि आकड्याने अडकलेली माती, खडे, लीद काढायची. मधला मऊ भाग जपायचा. मी पाय उचलला की मास्तर त्या बाजूचं सगळं वजन विश्वासाने माझ्यावर सोडून देतो. घोडा चारशे किलोचा. भागिले चार म्हटलं तरी शंभर किलोचा मास्तर माझ्या मांडीवर, आणि हा पाय झाला की अजून तीन.

आमच्या हिला या सगळ्यात एकाच गोष्टीत रस आहे. एकेकाळी या गावाला गुलशनाबाद म्हणत, तेव्हाची गुलाबाची हौस तिच्यात शिल्लक असावी. "येताना लीद आणा." म्हणून रविवारी सकाळी मी स्कूटरच्या पायाशी लीदेचं पोतं ठेवून कॉलेज रोडने येतो. ताजी घातली तर मुळं जळतात, म्हणून ती आमच्या बाल्कनीत मुरत असते. शेजारचे जोशीकाका आता खिडक्या बंद करून प्राणायाम करतात.

अकराव्या राइडला दफेदार म्हणाले, "चला, बाहेर नेऊ." आम्ही बागांमधल्या कच्च्या रस्त्याने निघालो. सकाळचं धुकं, हातांना कळ लागेल अशी थंडी. घोड्याला जवळजवळ चोहीकडचं दिसतं. अगदी शेपटीमागचं आणि नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. त्यामुळे डाव्या बाजूच्या बागेत पाखरं हाकलायला लावलेल्या चमकणाऱ्या पट्ट्या मला दिसण्याआधी त्याला दिसल्या. वारा आला, पट्ट्या फडफडल्या, आणि मास्तर, अठरा वर्षांचा, समंजस, विचारवंत मास्तर, एका झटक्यात हातभर उजवीकडे सरकला. आजीच्या हाताने.

मी होतो तिथेच राहिलो. खाली घोडा नव्हता एवढंच.

पडताना माणसाला बराच वेळ मिळतो. कोथिंबिरीचा वाफा आहे, ओला आहे, म्हणजे पाणी कालच दिलंय, असा माझा सगळा विचार हवेतच करून झाला. उठलो तेव्हा शेतकरी धावत येत होता. माझ्याकडे न बघता तो मास्तरकडे गेला, पाय चाचपले आणि विचारलं, "घोड्याला लागलं का काही?" दफेदारांनीही तेच विचारलं. घरी फोन केला तर ही म्हणाली, "अगं बाई! घोडा ठीक आहे ना?" कोथिंबिरीच्या पाच जुड्या मोडल्या होत्या. त्या मी विकत घेतल्या. संध्याकाळी वड्या झाल्या.

१८८९ साली नाशिकमध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, गावातून थेट नाशिकरोड स्टेशनापर्यंत. घोडे पुढे, माणसं मागे, बाकावर. त्या लोकांना घोड्यातलं काहीतरी कळत होतं.

सोळावी राइड काल झाली. दुडकीत पाच-सहा पावलं अशी गेली की मी उठत होतो तेव्हा तो उठत होता, आणि मधे कुणी कुणाला आपटत नव्हतं. मग मला हे लक्षात आलं आणि लगेच बिघडलं. "आला होता!" दफेदार ओरडले. "ताल आला होता!" खाली उतरल्यावर त्यांनी पुढच्या वीस राइडची पावती फाडली. मी खिशात हात घातला तो नाही म्हणायला की पाकीट काढायला, हे माझं मलाच कळलं नाही. पाकीट निघालं.

तबेल्यात मास्तर उभ्या-उभ्या झोपला होता. खालचा ओठ लोंबत होता, मागचा एक पाय किंचित मुडपून खुराच्या टोकावर टेकवलेला. घोड्याचे सांधे तसे अडकून राहतात, म्हणून त्याला डुलकीसाठी आडवं व्हावं लागत नाही. थोड्या वेळाने तो पाय बदलतो.

आज पुन्हा मिसळ. वेटरने आता खुर्ची ओढायचं सोडून दिलंय. तर्री ओतताना त्याने खाली पाहिलं आणि विचारलं, "काका, पायाला काय झालं?"

मी पाय बदलला आणि अजून एक पाव मागवला.