पासिंगचे चार टायर

गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, कधी आहे हे कळण्यासाठी आरसी बुक उघडून बघणं हा अगदीच बाळबोध मार्ग झाला. तारीख तिथे छापलेली असते, कबूल. पण छापलेलं वाचून वागायचं ठरवलं तर माणसाने जगायचं कधी? आमच्या वाडीत (मालवण आणि देवगड यांच्या मधली कुठलीही समजा) त्यासाठी वेगळी सोय आहे. सकाळी दात घासत पायरीवर उभं राहावं आणि ते चार टायर कोणाच्या पडवीत पडलेत ते पाहावं. ज्याच्या पडवीत टायर, त्याचं पासिंग.

वाडीत एकाच मापाचे टायर लागणाऱ्या पाच गाड्या आहेत. तीन पिवळ्या पाटीच्या शाळेची मुलं आणि पर्यटक वाहतात, चौथी आंब्याच्या पेट्या वाहते, पाचवी माझी, पांढऱ्या पाटीची, जी बहुतेक काळ अंगणातल्या फणसाची पानं वाहते. या पाच गाड्यांना मिळून ग्रिप असलेले टायर चार. टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे आणि हे चार टायर तो पुरेपूर पाळतात, कारण ते रस्त्यावर फारसे जातच नाहीत. वर्गणी काढून घेतलेली वस्तू खड्ड्यांत घालून झिजवायची नसते. रोजच्या वापराला आपले गोटा झालेले आहेतच. टायरांबरोबर एक प्रथमोपचाराची पेटीही फिरते. तिच्यातल्या आयोडिनच्या बाटलीचं बूच कोणी उघडलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि उघडूही नये. पेटी दाखवायची असते.

तुमच्या वाडीत अशी सोय नसेल तर नाइलाजाने तारीख मोजावी लागेल. मोजताना एक पथ्य पाळा: तिथीने मोजू नका. आपल्याकडे गाडी घेतात ती पाडव्याला नाहीतर दसऱ्याला, त्यामुळे 'पाडव्याला घेतली, पंधराव्या पाडव्याला बघू' असा सरळ हिशेब मनात बसतो. तो तब्येतीला बरा, कायद्याला नव्हे. २०१० चा पाडवा १६ मार्चला होता, २०२५ चा ३० मार्चला. गाडीची नोंदणी त्या पाडव्याच्या दिवसाची धरली, तर पंधरा वर्षं १५ मार्चलाच भरली. पुढचे पंधरा दिवस तुम्ही गुढीच्या काठीला तेल लावत होतात आणि अंगणातली गाडी कायद्याच्या लेखी बेवारशी झाली होती. दसऱ्याचं उलटं आहे. २०१० चा दसरा १७ ऑक्टोबरला, २०२५ चा २ ऑक्टोबरला. म्हणजे दसऱ्याला गाडी घेणाऱ्याला तिथी पंधरा दिवस हाताशी ठेवून आठवण करून देते. पुढच्या वेळी मुहूर्त काढताना गुरुजींना हेही विचारा.

खासगी गाडीला पंधरा वर्षं आणि मग दर पाच वर्षांनी, हे त्या मानाने सोपं. पिवळ्या पाटीला नवेपणी दोन वर्षांचं पासिंग, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी. माणसाचंही थोडं असंच असतं, चाळिशी उलटली की डॉक्टर वारंवार बोलावतात. फरक एवढाच की डॉक्टरकडे जाताना आपण शेजाऱ्याचे गुडघे लावून जात नाही.

खासगी गाडीचा अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो. ही साठ दिवसांची सवलत कोणासाठी ठेवली आहे याचा मी बराच विचार केला. वाडीत तरी तिचा लाभ घेतलेला एकही इसम नाही. आपल्याकडे काम सुरू होतं ते मुदत संपल्यावर, 'आता काय, उशीर तर झालाच' असं म्हणून एकदा मन हलकं झालं की. उशिराला दरमहा पाचशे रुपये, दुचाकी असेल तर तीनशे. हे दंड मानू नयेत, भिशी समजावी. फक्त ही भिशी फुटत नाही.

ऑनलाइन बघता येतं म्हणतात. येतंच. परिवहन खात्याच्या साइटवर नंबर टाकला की गाडीची सगळी कुंडली समोर येते. त्यासाठी मोबाइल घेऊन सड्यावर जावं, कारण वाडीत रेंज नाही. सड्यावर कातळाच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून हात वर केला की दोन काड्या येतात. मग ओटीपी येतो. ओटीपी येईपर्यंत मोबाइल धरलेला हात खाली आणू नये. एवढं करून तारीख कळते आणि ती कालची असते.

माझा आतेभाऊ इंग्लंडला लेस्टरात राहतो, गणपतीला येतो. गेल्या खेपेला त्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिची टेस्ट कधी ड्यू आहे?" तिकडे म्हणे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी, आणि तीही कोपऱ्यावरच्या गॅरेजात. दारावर निळी पाटी, पाटीवर तीन त्रिकोण, की समजायचं इथे टेस्ट होते. अशी तपासणी तिकडे १९६० पासून चालू आहे. महिनाभर आधी गेलात तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, म्हणजे लवकर जाणाऱ्याचं नुकसान नाही. इथवर ठीक होतं. मग तो म्हणाला की तिकडे कोणीही कोणाचाही नंबर सरकारी साइटवर टाकून ती गाडी आजवर कितीदा नापास झाली आणि कशात, ते वाचू शकतो. पडवीत शांतता पसरली. असं इथे सुरू झालं तर जुन्या गाड्या विकायच्या कोणाला? मामाला सुद्धा विकता येणार नाहीत. शेजारचे काका सुपारी कातरत होते, ते थांबले आणि म्हणाले, "अरे झिला, पण गाडी चलता मां? मगे?" या प्रश्नाला इंग्लंडातही उत्तर नसावं, कारण आतेभाऊ मोदक खायला बसला.

आता तपासणी होते कुठे, हे शोधणं. जिल्ह्याच्या गावी कार्यालय असतं, पण तालुक्यालाही ठरलेल्या दिवशी कॅम्प लागतो. त्याचं वेळापत्रक असतं. वेळापत्रकावर जाऊ नका. त्या दिवशी निवडणूक निघते, मंत्री येतात, नाहीतर साहेबांची बदली होते. खात्रीचा मार्ग म्हणजे सकाळी नऊला तालुक्याच्या गावी जाऊन वास घेणं. ज्या बाजूने ओल्या ऑइलपेंटचा वास येतो तिकडे चालू लागावं. वाटेत बोटं रंगलेले रिक्षावाले दिसले की पोचलात. गाडीला टेकू नका, कपडे जातील.

या रंगाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या किनाऱ्यावरचं खरं पासिंग रंगाखाली असतं. घाटावरची गाडी म्हातारी होते ती इंजिनाने. आपली जाते ती तळातून. खारा वारा, चार महिने धो धो पाऊस, आणि उरलेले आठ महिने जांभ्याची ओली-सुकी माती मडगार्डच्या आत चिकटून पत्र्याला भिजवत राहते. मीठ आणि ओल एकत्र आले की लोखंड पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतं, पापलेटाची कातडी सोलावी तसं. वरून गाडी चकचकीत, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर मॅट उचललं की खाली रस्ता दिसतो. माझ्या गाडीत तो दिसतो. क्लचशेजारी आठ आण्याएवढं भोक होतं, आता तळहाताएवढं आहे. पावसात थोडं पाणी उडतं, पण उन्हाळ्यात हवा छान लागते.

हे खरं तर पाटा मारून वेल्डिंग करायचं काम. पण पासिंगच्या आठवड्यात गॅरेजवाल्याला वेळ कुठला? तो भोकात लांबी (पुट्टी) भरतो, वरून काळा रंग मारतो, आणि तळाला वापरलेल्या ऑइलचा फवारा मारतो. ऑइलचा फवारा खरंच उपयोगाचा असतो, पावसाळ्याआधी गाडी कोरडी असताना मारला तर गंज रोखतो. पण मेमध्ये कोणाला आठवण असते? मेमध्ये आंबा असतो. म्हणून आपण तो गंजाच्या वर मारतो. त्याने गंज आत सुरक्षित राहतो.

ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे उसनवारी चालत नाही. उच्च न्यायालयाने बजावलं की ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर झाली पाहिजे, नाहीतर पासिंग नाही. न्यायालयाचं बरोबरच होतं. पण कोकणात सरळ आणि सपाट अशी २५० मीटर जागा एका तुकड्यात दाखवा, मी तिथे देऊळ बांधतो. आपल्याकडे शंभर मीटरवर वळण, दीडशेवर चढ आणि दोनशेवर कोणाची तरी आमराई, जिच्यावर सात भावांची नावं आणि एक दावा. काही काळ आपल्या गाड्या पासिंगसाठी परजिल्ह्यात जात होत्या. ब्रेक लागतो की नाही हे सिद्ध करायला घाट चढून-उतरून जायचं! जे उतरून सुखरूप पोचले ते माझ्या मते तिथेच पास व्हायला हवे होते.

त्यात आता यंत्रं आली. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. रोलरवर चाकं ठेवली की ब्रेक, हेडलाइट, धूर, आवाज, सगळं यंत्रच मोजणार. नापास झालात तर दुरुस्ती करून पुन्हा या, तरीही नापास तर गाडीचं आयुष्य संपलं असं जाहीर. यंत्राची मोठी अडचण अशी की ते चहा घेत नाही. पण घाबरू नका. अवजड गाड्यांना अशीच तपासणी सक्तीची करण्याची तारीख आधी १ एप्रिल २०२३ होती, ती गेली १ ऑक्टोबर २०२४ वर. नवीन नंबरप्लेटचंही २०२५ मध्ये तसंच झालं, मार्चअखेर म्हणता म्हणता एप्रिलअखेर, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबरअखेर. सरकार शेवटी आपल्याच वाडीतलं आहे, फक्त त्याच्या पडवीत टायर दिसत नाहीत.

माझं स्वतःचं पासिंग गेल्या शुक्रवारी झालं. तयारी शिस्तीत केली. टायर मंगळवारीच आणले. पीयूसी बुधवारी काढली. ही अजून दर सहा महिन्यांनीच काढावी लागते, कारण माझी गाडी बीएस-चार या धुराच्या नियमांच्याही आधीची. नव्यांना वर्षाची मिळते. विम्याचा कागद सापडला, पुसला. फी पाच हजार. गाडी वीस वर्षांची झाली असती तर दहा हजार बसले असते. भंगारवाला तिला किलोच्या भावाने मागतो, त्याने सांगितलेली रक्कम आणि सरकारची फी यांच्यात फारसं अंतर उरलेलं नाही, म्हणून दोघांनाही मी अजून 'बघू' म्हणतो.

राहिला हँडब्रेक. माझा हँडब्रेक म्हणजे डिकीत ठेवलेला जांभा चिऱ्याचा तुकडा. उतारावर गाडी उभी केली की बायको उतरून तो मागच्या चाकाखाली सरकवते, आणि मगच मी उतरतो. चौदा वर्षांत एकदाही फेल गेलेला नाही. पण साहेबांना चिरा दाखवता येत नाही. गॅरेजवाल्याने गुरुवारी वायर आवळून दिली आणि म्हणाला, "आज आणि उद्या धरतला. परवाचा माका सांगू नको."

धरला. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरवर बूट आपटून पाहिला आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "टायर चांगले ठेवलेत." मी मान खाली घातली. प्रथमोपचाराची पेटी खासगी गाडीला कोणी विचारली नाही, तरी मी उघडून दाखवली. मॅट उचलायला कोणी सांगितलं नाही. नवीन मुदत पाच वर्षं.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारचा पिवळ्या पाटीवाला माझ्या अंगणात जॅक घेऊन बसलेलाच होता. "सोमवारी माझा पासिंग आसा," म्हणाला. अर्ध्या तासात चारही टायर उतरले आणि माझे गोटे चढले. तो जायला निघाला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"तो चिरो पण दी रे. वाटेत चढ लागता."

चिरा दिला. गाडी आता फणसाला दोरीने बांधून ठेवली आहे.