मांजरीच्या प्रेमात पडलेला उंदीर आणि त्या फॉरवर्डमधले घोळ

तो मेसेज परत फिरायला लागलाय. टोक्सोप्लाझ्मा नावाचा किडा उंदराच्या मेंदूत शिरतो, उंदीर मांजरीच्या प्रेमात पडून स्वतःहून तिच्या तोंडात जातो, बाहेरचे सगळे उंदीर असेच झालेत, हाच किडा माणसाच्या डोक्याचा ताबा घेतो, उंदरातून माणसाच्या मेंदूत जाणारा हा एकमेव, म्हणून मांजर घराबाहेर काढा. थोडं खरं आहे यात, बाकी मीठमसाला.

पहिलं म्हणजे हा किडाच नाही, एकपेशीय परजीवी आहे, मलेरियावाल्याचा लांबचा भाऊबंद. असो.

"प्रेमात पडतो" हे आलं 2000 सालच्या ऑक्सफर्डच्या प्रयोगावरून. प्रयोग मस्तच होता. बंदिस्त आवारात चार कोपरे, एकात उंदराचा स्वतःचा वास, एकात नुसतं पाणी शिंपडलेला पेंढा, एकात सशाचं मूत, एकात मांजरीचं, आणि रात्रभर कोण कुठे जातं ते बघायचं. निरोगी उंदीर मांजरीचा कोपरा टाळत होते, लागण झालेले तेवढे टाळत नव्हते, काही तर उलट जास्त वेळा तिकडे गेले. बस, एवढंच. तिथे मांजर नव्हतीच हो, नुसता वास होता! आणि उंदीरसुद्धा रानातून पकडून आणलेले नव्हते, रानटी आणि लॅबमधल्या उंदरांच्या संकरातून पैदा केलेले होते. लागण झालेले उंदीर बाहेर खरंच जास्त प्रमाणात मांजरींच्या तावडीत सापडतात का, हे या प्रयोगातून कळूच शकत नाही. त्यात मांजर मोठ्या वाढलेल्या उंदराच्या नादाला फारशी लागत नाही, पिल्लं आणि लहान उंदीर धरते.

पुढे 2020 मध्ये जिनिव्हाच्या टीमने माऊसवर, म्हणजे छोट्या जातीच्या उंदरांवर काम केलं तर दिसलं की भीती एकट्या मांजरीचीच जात नाही, एकूणच बिनधास्तपणा येतो, आणि मेंदूत या परजीवीच्या गाठी आणि सूज जितकी जास्त तितका तो जास्त. म्हणजे मांजरीसाठी खास लावलेलं बटण वगैरे काही नाही.

"सगळे उंदीर" हे तर सरळ खोटं. जागा बदलली की लागणीचं प्रमाण बदलतं, ब्रिटनमधल्या शेतांवरच्या उंदरांत साधारण 35 टक्के सापडलं होतं, इतर ठिकाणी बरंच कमीही. शिवाय उंदरांमध्ये हा परजीवी आईकडून पिल्लांना जाऊ शकतो, दरवेळी मांजर लागतेच असं नाही.

आता माणसं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये जन्मापासून फॉलो केलेल्या 837 लोकांना तपासलं, 28 टक्के लोकांत लागणीची खूण होती, पण स्वभाव, मानसिक आजार, बुद्धी यात फारसा फरक काही सापडला नाही. मग ताबा घेतला कुणी?

मांजर बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे या परजीवीची अंड्यासारखी रूपं विष्ठेतून टाकते, आणि ती संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, त्यामुळे मांजरीच्या शी-शूचा ट्रे रोज साफ केला तर बराच धोका तिथेच संपतो. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि लागण जास्त करून तिथूनच होते. गरोदर बाईने मात्र खरंच जपायचं, ट्रे दुसऱ्याने साफ करायचा.

आणि "उंदरातून माणसाच्या मेंदूत जाणारा एकमेव"? तेही नाही. अँजिओस्ट्राँगायलस नावाचा खराखुरा जंत उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो, त्याच्या अळ्या लेंड्यांतून गोगलगाईत जातात, आणि कच्ची गोगलगाय किंवा ती चिकटलेला न धुतलेला पाला पोटात गेला की माणसाच्या मेंदूपर्यंत पोचून मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. त्यात मांजरीचा काही संबंध नाही.